डाव्या गालाचा नेम

कार्तिक सरला तरी आभाळ हटत नव्हतं. सकाळी वर पाहावं तर राखेचा रंग, आणि खाली रानात सगळी बोंडं फुटून पांढरीधोप झालेली. एक सर जरी आली असती तर कापूस काळा पडून झाडावरच कुजला असता. म्हणून उजाडताच तातेरावांच्या घरचे सगळे हात पांदीकडच्या रानात उतरत होते. स्वतः तातेराव, मुलगा कचरू, सून नंदाबाई, रोजानं बोलावलेल्या दोघी बाया, आणि सगळ्यांच्या पुढं आपली पात धरून झुंबरबाई.

झुंबरबाई तातेरावांची बायको. पन्नाशीची, वाळलेली, पण वेचणीत तिच्या हाताला हात लावणारं गावात कुणी नव्हतं. दोन्ही हात दोन झाडांवर चालायचे आणि बोंडाची काडी कापसाला कधी लागायची नाही. कमरेला झोळी, आणि झोळीच्या गाठीला पितळेचा लहान तांब्या बांधलेला. थोडं वेचून झालं की ती उभी राहायची, ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून घोटभर पाणी आत सोडायची आणि पुन्हा वाकायची. तिच्या तोंडात लाळ म्हणून उरलीच नव्हती. चार वर्षांपूर्वी मिसरीच्या जागी डाव्या गालात आतून जखम झाली, ती बरी होईना, तेव्हा तातेरावांनी तिला मुंबईला नेलं. तिथं तिच्या गालाला रोग जाळायची लाईट दिली. ती जगली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात नंदाबाई या घरात सून म्हणून आली. तिने सासूला पाहिलं ते असंच. तांब्यासकट.

दुपारी बाभळीखाली भाकरी सोडली. नंदाबाईने सगळ्यांना वाढलं. झुंबरबाई आपलं फडकं घेऊन झाडाच्या पलीकडे, पाठ करून बसली. ती नेहमीच तशी बसायची. सोमवार, चतुर्थी, एकादशी, तिचं काही ना काही चालूच असायचं, म्हणून नंदाबाईला वाटायचं, हेही त्यातलंच एक असेल.

आज मीठ द्यायला ती पलीकडे गेली आणि तिथंच थांबली.

झुंबरबाईने भाकरीचा पीठ व्हावा इतका चुरा करून ताकात कालवला होता. उजवीकडचा वरचा एक दात पडला होता, त्या फटीतून ती काला करंगळीने आत सारत होती. करंगळी जेमतेम जात होती. बाकीचे दात दातांवर घट्ट बसलेले, कुणी शिवून टाकल्यासारखे. ताक हनुवटीवरून ओघळत होतं, आणि ती पदराने उजवीच बाजू टिपत होती. डावा गाल काळसर, ताणलेला, उन्हात वाळत घातलेल्या कातड्यासारखा.

"काय बघून राह्यली?" झुंबरबाईने दातांआडून विचारलं.

"मीठ आणलं, आत्याबाई."

"ठिव. आन् जा. आभाळ बघ."

नंदाबाई परत आली. तिचा घास तोंडात फिरेना. रोजानं आलेली चांगुणाबाई तिच्याकडे बघत होती.

"तुझी सासू आता लई बारीक बोलती गं," चांगुणाबाई म्हणाली. "मागल्या वेचणीला गाणं म्हणत व्हती. औंदा हूं का चूं न्हाई."

"थंडीनं असंल."

"थंडी कुठंय, ढगात तर उकडून राह्यलं." ती जवळ सरकली. "माझ्या मावसभावाला असंच झाल्तं. आधी तोंड बंद झालं, मंग आतून खाल्लं. बोलू नाही, पर लेकराला उष्टं देत जाऊ नको तिचं."

नंदाबाईने हातातली भाकरी फडक्यात परत बांधली.

*

घरी आल्यावर तिने पहिल्यांदा छबूला शोधलं. छबू दीड वर्षांची. ती आजीच्या मांडीवर बसली होती आणि आजीच्या वाटीतला उरलेला काला बोटाने चाटत होती. रोज हेच व्हायचं. रोज नंदाबाई ते पाहायची आणि तिला बरं वाटायचं, की पोरगी कुणाकडे तरी गप्प बसते.

आज तिने वाटी हिसकावून घेतली. वाटी दगडावर पडून वाजली, छबू रडायला लागली. नंदाबाईने पोरीचं तोंड पदराने आतून बाहेरून पुसलं, जीभसुद्धा पुसली.

झुंबरबाई बघत राहिली.  तिने वाटी उचलली, राखेने घासली, आणि आपली वाटी, ताटली, तांब्या असं सगळं चुलीपासून दूर, कोनाड्यात नेऊन पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी छबू तिच्याकडे धावली तेव्हा तिने पोरीला हाताने थोपवलं. "माय वाढंल तुला," एवढंच बोलली.

नंदाबाईला वाटलं होतं की सासू भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

तिने कचरूला सांगितलं. कचरू बैलांना कडबा टाकत होता.

"तुमच्या मायचं तोंड उघडत न्हाई."

"लाईटीपासून तसंच हाय ते."

"तसंच न्हाई. आता करंगळी जाती फकस्त. थोड्या दिवसांनी ती बी जायची न्हाई. मंग खाईल काय?"

कचरूचे हात थांबले. तो आईकडे पाहायला ओसरीवर गेला नाही. गोठ्यातूनच आभाळाकडे पाहू लागला. "वेचणी होऊ दे," तो म्हणाला. "आता जर पाणी आलं तर सगळं जाईल. वेचणी झाली का दाखवू."

तोही भ्यायला होता हे नंदाबाईला कळलं. दाखवलं तर कुणीतरी त्या रोगाचं नाव पुन्हा घेणार होतं.

पण वेचणी संपायची वाट दाताने पाहिली नाही. डाव्या बाजूची खालची दाढ ठणकू लागली. झुंबरबाई कापूस वेचता वेचता उभी राहायची, डोळे मिटायची, पुन्हा वेचायची. गालाला हात मात्र लावायची नाही. दाढ दुखणारं माणूस गाल धरून बसतं, शेकतं, काही तरी करतं. ही हात हवेत धरायची, गालापासून दोन बोटं लांब, आणि तसाच खाली आणायची. नंदाबाईने ते पाहिलं, पण त्याचा अर्थ तिला लागला नाही.

*

मंठ्याच्या बाजारात वडाखाली दात काढणारा बसायचा. त्याच्यासमोर लाल कपड्यावर माणसांचे दात मांडलेले, बाजूला पकडी, कापूस, लवंगेच्या तेलाची बाटली. तातेरावांनी झुंबरबाईला त्याच्यापुढं बसवलं. नंदाबाई मागे उभी राहिली.

"आ करा, मावशी."

झुंबरबाईने ओठ उघडले. दात उघडले नाहीत.

"अवो, आ करा ना. लाजून कसं चालंल, मी काय तुमचा जावई हाय का?" बघणारे हसले. तोही हसला. मग त्याने तिच्या दातांमध्ये चमच्याचा दांडा घातला आणि पिरगळला.

झुंबरबाईच्या घशातून आवाज आला, बैलाला वेसण घालताना येतो तसा. तिचे हात जमिनीवर काहीतरी शोधू लागले. चमचा निसटला, ओठ फाटला. माणसाने पुन्हा एकदा जोर केला, या वेळी डाव्या गालावर अंगठा रोवून. झुंबरबाईने सारी ताकद लावून त्याचा हात झटकला. दुखलं म्हणून नव्हे. गालाला हात लागला म्हणून. नंदाबाईने ते डोळे पाहिले. देवघरात कुणी चप्पल घालून आलं तर होतील तसे ते झाले होते.

दात काढणारा मागे सरकला. आता त्याला गालाचा रंग नीट दिसला. त्याने चमचा एका फडक्याला पुसला, मग ते फडकंच दूर टाकलं.

"हे दाताचं काम न्हाई, पाटील. हिला तो रोग हाय. आधी सांगायचं ना. माझ्यापाशी रोज एवढे लोक येतात."

भोवतीचं कोंडाळं मोठं झालं आणि लगेच मोकळं झालं. एक बाई आपल्या पोराला ओढत म्हणाली, चल, वारा लागंल. तातेराव कमरेला खोचलेली पिशवी चाचपत उभे राहिले. झुंबरबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला, तांब्यातलं पाणी फाटलेल्या ओठावर घेतलं, आणि सगळ्यांच्या आधी एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.

गाडीत तातेराव नंदाबाईला म्हणाले, "उद्या जालन्याला नेतो. तू बी चल. मला एकट्याला धीर न्हाई."

"मामा, वेचणी?"

"होईल ते होईल."

*

परतूरहून रेल्वेने ते जालन्याला पोचले. मोठ्या दवाखान्यात दातांचे डॉक्टर होते, चष्म्याचे, सावकाश बोलणारे. त्यांनी झुंबरबाईला तोंड उघडा म्हटलं नाही. आधी तिची मान, हनुवटीखाली, कानामागे असं सगळीकडे बोटांनी हळूहळू चाचपलं. डाव्या गालाशी हात आला तसं तिने डोकं मागे नेलं. त्यांनी हात थांबवला आणि दुसरीकडे वळवला.

"लाईट कधी घेतली?"

"चार सालं झाली," तातेराव म्हणाले.

"मुंबईला पुन्हा दाखवायला बोलावलं असेल ना?"

"बोलावलं व्हतं. बरं व्हतं, मंग गेलो न्हाई."

डॉक्टरांनी मान हलवली. रागावले नाहीत. त्यांनी जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या घेतल्या, उजवीकडच्या फटीजवळ एकीवर एक सरकवत गेले. थोड्याच बसल्या. पुढची बसेना.

"एवढंच उघडतं. हे बघा, लाईटीने रोग जळतो, पण जबड्याचे स्नायूही आखडतात. रोज तोंड उघडून, गालाला तेल लावून ते सैल ठेवावे लागतात. आयुष्यभर. बाईंनी तोंड हलवलंच नाही असं दिसतं. म्हणून ते मिटत गेलं. दात काढायला कुठं गेला होतात का?"

"बाजारात. पर निघाला न्हाई. तोंडच उघडंना."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "देव पावला म्हणा. त्या बाजूचा दात कधी कुणाला उपटू देऊ नका. लाईट लागलेलं हाड पुन्हा भरत नाही. जखम तशीच राहते आणि जबडा सडत जातो. तोंड मिटलेलं होतं म्हणून वाचल्या."

झुंबरबाईने पहिल्यांदा वर पाहिलं.

"मंग रोग?" तातेरावांनी विचारलं. तो शब्द त्यांच्या तोंडून फार बारीक निघाला.

"बाहेरून गाठ लागत नाही, हे चांगलं आहे. पण आत काय आहे ते मला दिसत नाही, आणि न पाहता रोग नाही असं मी म्हणणार नाही. आधी तोंड उघडायला हवं. घाई केली तर फाटेल. रोज थोडं थोडं. अशा पट्ट्या वाढवत न्यायच्या. खोबरेल लावून गाल चोळायचा. मीठ-सोड्याच्या पाण्याने तोंड धुवायचं, पाणी सारखं प्यायचं. थोडं रक्त आलं तर घाबरायचं नाही. दाढेच्या ठणक्याला गोळ्या देतो. महिन्याने आणा, मी पाहीन."

उठताना नंदाबाई मागे राहिली. तिने खाली बघत विचारलं, "डॉक्टरसाहेब, उष्ट्यातून लागतं का हे? लेकराला?"

"नाही. कुणालाच नाही."

दारात झुंबरबाई उभी होती. तिने ऐकलं होतं. नंदाबाईला वाटलं, पायाखालची फरशी उचलून खाली जावं.

*

ते परतले तेव्हा गावावर पाऊस पडून गेला होता. मोठा नव्हता, पण पांदीच्या रानातला उरलेला कापूस बोंडात भिजून लोंबत होता. तातेराव बांधावरून पाहून आले आणि ओसरीवर बसले. त्यांनी जुन्या टोपलीचा बांबू काढला, विळ्याने त्याच्या कामट्या तासल्या, आणि फुटक्या काचेने एकेक कामटी खरवडू लागले. गालावर फिरवून पाहायचे, कुसळ लागलं की पुन्हा खरवडायचे. अंधार पडेतो ते तेच करत होते. मग नंदाबाईने कामट्या पाण्यात उकळल्या आणि फडक्यावर सुकत घातल्या.

सकाळी तेलाची वाटी आणि कामट्या घेऊन ती सासूपुढं बसली.

"न्हाई," झुंबरबाई म्हणाली.

"डॉक्टरनं सांगितलंय, आत्याबाई."

"त्यानं सांगितलंय. तिनं न्हाई."

"कुणी?"

झुंबरबाईने तोंड फिरवलं.

तातेराव ओसरीवरून म्हणाले, "आगं, उपाशी मरायचंय का तुला?"

"चार सालं जगले ना?" ती म्हणाली. "बाजारात तोंड उघडलं असतं तर मेले असते. डाक्टरच म्हणला. बिलकुल उघडायचं न्हाई मला."

तातेराव उठून रानात निघून गेले.

नंदाबाईने न्हाणीत पाणी काढलं. सासूच्या पाठीवर पाणी ओतता ओतता तिला जे रोज दिसत होतं ते आज दिसलं. झुंबरबाई डोक्यावर पाणी घेताना डावा तळहात गालाशी धरत होती, गालाला न लावता, छपरासारखा. एक थेंब तिकडे गेला नाही. दिवाळीच्या अभ्यंगाला तिने त्या बाजूला उटणं लावलं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायांना तिने उजवाच गाल पुढे केला होता.

"आत्याबाई, हा नेम हाय का तुमचा?"

झुंबरबाईचा हात थांबला.

"कुणाचा हाय?"

 मग ती बोलायला लागली, दातांआडून, तुटक तुटक. नंदाबाईला कान जवळ न्यावा लागला.

"तिथं एक खोली हाय. मोठं यंत्र. मला निजवायचे आन् समदे भाईर पळायचे. दार लावून घ्यायचे. इतकं जाड दार. म्या एकटीच आत. म्हणायचे, काही व्हत न्हाई. मंग तुम्ही कामून पळता? म्या डोळे मिटून पडून राह्यची. एक बाई व्हती, आपल्याकडची बोलायची. तिनं माझ्या गालावर जांभळ्या रेघा वढल्या. म्हणली, ह्या पुसायच्या न्हाईत. पाणी लावायचं न्हाई, तेल न्हाई, साबण न्हाई. तोंड ताणायचं न्हाई. मी सांगेपर्यंत."

"मंग?"

"शेवटच्या दिशी ती आलीच न्हाई. दुसराच व्हता. हो गया, जाव, म्हणला. तिनं सांगितलंच न्हाई."

पाणी गार झालं होतं. नंदाबाईने लोटा खाली ठेवला.

"वार्डात माझ्या बाजूला निजलेल्या बाया पाणी लावायच्या, तेल लावायच्या. येक बी जगली न्हाई. म्या बराबर पाळलं. रेघा गेल्या, पर म्या पाळलं. आता सोडू म्हणती?"

ती बाई सांगत होती ते लाईट चालू असेपर्यंतचं, असं नंदाबाईच्या ओठावर आलं होतं. ते तिने गिळलं. सासू खोटं बोलत नव्हती. ती जगली होती.

*

गावात व्रतांच्या कहाण्या सांगायच्या त्या तुळजाबाईने. साठीच्या पुढची, उपासांनी हलकी झालेली. नंदाबाईने तिला सगळं सांगितलं. तुळजाबाई हसली नाही.

"नेम तर नेमच हाय. घेतला कुणापासून ते कोण बघतं. पर त्याचं उद्यापन न्हाई झालं, तिथंच घोटाळा."

"उद्यापन करता येतं का? देणारी मुंबईला. नाव बी ठाऊक न्हाई."

"देणारी न्हाई तर तिच्या नावाची सुपारी मांडायची. पानावर, तांदळावर. मंग तिच्या वतीनं एका बाईनं सोडायचं. सांगायचं, का झालं, आता सोड." तुळजाबाई थांबली. "पर सोडणारीनं इचार करावा. नेम सोडल्यावर काही वंगाळ झालं तर ते तिच्या माथी. म्या सोडवलं असतं, पर म्या विधवा. सवाष्ण लागती."

"चांगुणाबाईला सांगू?"

"ती येईल का? त्या आजाराला भ्यून राह्यली ती." तुळजाबाईने नंदाबाईकडे पाहिलं. "तू हायेस. पर तू लेकरावाली हायेस. इचार कर."

नंदाबाई घरी आली. छबू ओसरीवर कामट्यांशी खेळत होती. कोनाड्यात सासूची वाटी अजून पालथीच होती.

तिने विचार केला. भाकरी थापताना केला, धुणं बडवताना केला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उष्ट्यातून काही होत नाही. पण डॉक्टरांनी नेमाचं कुठं सांगितलं होतं. उद्या सासूच्या गालात पुन्हा काही निघालं तर ते आधीपासून होतं की तिने सोडवलं म्हणून आलं, हे कुणी सांगणार नव्हतं. कचरू म्हणणार नाही काही. मामाही म्हणणार नाहीत. पण रोज सकाळी तिला सासूचे बाजारातले ते डोळे दिसत राहतील. आणि छबूला कधी साधा ताप आला तरी तिच्या मनात तेच येईल. तिने कचरूला विचारलं.

"तुला जे बराबर वाटंल ते," कचरू म्हणाला, आणि बैल सोडायला गेला.

*

मार्गशीर्षातल्या गुरुवारी आभाळ निवळलं. ओसरीवर ऊन आलं. तुळजाबाईने पाट मांडला, पानावर तांदूळ, तांदळावर सुपारी, सुपारीला हळदकुंकू. झुंबरबाई न्हाऊन, गाल कोरडा ठेवून, पाटासमोर बसली. तिने पदरात नारळ घेतला होता. 

"नाव काय घ्यायचं हिचं?" तुळजाबाईने सुपारीकडे पाहत विचारलं.

"ठावं न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "हात लई गार व्हते तिचे. तेवढं ध्यानात हाय."

"मंग तेच म्हणू. जिचे हात गार व्हते ती."

सगळं झालं. नारळ ठेवला, ओटी भरली. तुळजाबाईने नंदाबाईकडे पाहिलं. दारात तातेराव उभे होते, त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. कचरू छबूला कडेवर घेऊन अंगणात.

नंदाबाईचा घसा कोरडा पडला. सासूचं तोंड रोज असंच असतं, तिच्या मनात आलं. तिने तांब्या उचलला, सासूचाच, कोनाड्यातला, आणि त्यातलं पाणी प्यायली. मग म्हणाली, "झालं, आत्याबाई. मी सांगते. आता सोडा."

झुंबरबाईने डोळे मिटले. नंदाबाईने पाण्यात बोटं बुडवली आणि तिच्या डाव्या गालाला लावली.

गाल खडखडीत होता. पाणी त्यावर थांबलं नाही, घसरून मानेवर गेलं. झुंबरबाई नखशिखांत शहारली. दारातून कुणी आत येईल आणि ओरडेल अशी ती वाट पाहत होती. कुणी आलं नाही. अंगणात छबूने बैलाला हाक मारली.

नंदाबाईने वाटीतलं कोमट खोबरेल घेतलं आणि गाल चोळायला लागली. कानापासून हनुवटीपर्यंत, हळूहळू, डॉक्टरांनी सांगितलं तसं. आत दोरखंड असावा तसं काहीतरी ताठ लागत होतं. बोटं त्याच्यावरून गेली की तिला भीती वाटायची, हेच तर नसेल. पुढे न्यायची, मागे आणायची. बऱ्याच वेळाने तिने पहिली कामटी उजवीकडच्या फटीत सरकवली. मग दुसरी. जालन्याला जेवढ्या बसल्या होत्या तेवढ्या बसल्या. पुढची तिने तेलात बुडवली, टोक लावलं आणि थांबली.

"लाव," झुंबरबाई कामट्यांआडून म्हणाली.

तिने लावली. झुंबरबाईच्या दोन्ही मुठी पाटाच्या कडेवर आवळल्या गेल्या, डोळ्यांतून पाणी आलं. आत बारीक काहीतरी चिरलं. कामटीवर तांबडी रेघ उतरली.

 तुळजाबाईचे ओठ हलत होते. तातेराव एक पाऊल पुढे आले आणि तिथंच उभे राहिले. डॉक्टर म्हणाले होते थोडं येईल. थोडं म्हणजे किती, ते नंदाबाईने विचारलं नव्हतं.

झुंबरबाईने बोट लावून रक्त पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. कामटी काढली नाही.

"आरसा आण," तातेराव कचरूला म्हणाले. कचरूने भिंतीवरचा दाढीचा आरसा आणला. तातेरावांनी तो उन्हात धरला, कवडसा हलवत हलवत बायकोच्या तोंडावर आणला.  कवडसा हलू नये म्हणून त्यांनी दुसरा हात मनगटाला लावला. नंदाबाईने वाकून, ओठ बोटाने बाजूला करून, दातांच्या फटीतून आत पाहिलं. सासूचा कोमट श्वास तिच्या तोंडावर आला. तिने तोंड मागे घेतलं नाही.

"काय दिसतंय आत?" झुंबरबाईने विचारलं. शब्द फुटके होते, पण सगळ्यांना कळले.

नंदाबाईने आणखी वाकून पाहिलं. दातांच्या आड जिभेचा कोपरा दिसला, सुकलेला. त्याच्या पलीकडे, जिथं ती जखम होती, तिथं कवडसा पोचत नव्हता.

"अजून काहीच दिसत न्हाई, आत्याबाई. अंधार हाय."

झुंबरबाईने थुंकी गिळायचा प्रयत्न केला. गिळायला काही नव्हतं. तिने तांब्याकडे हात केला, नंदाबाईने उजव्या कोपऱ्यातून घोटभर पाणी सोडलं. ते पोटात जाईपर्यंत ती थांबली.

"मंग अजून येक सरकव," ती म्हणाली.